तिसरी कुंची

नगर, ता. ३ ऑक्टोबर १९७१

तीर्थरूप नानांस,
पुष्पावतीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

राहीवहिनीला नववा लागला, तरी आई तिला नगरला आणू देत नाही असे कळले. म्हणून पुडक्यात नवे ब्लेड आणि दोरा पाठवते आहे. दोन्ही मी दवाखान्यात उकळून स्वच्छ फडक्यात बांधले आहेत. वेळ येईपर्यंत पुडके कोणी सोडू नये. नाळ यानेच कापायची, विळ्याने नाही. वर राख लावायची नाही.

वहिनीची दोन्ही बाळे आठव्या दिवशी अंग ताठून गेली. आपण सटवाईला बोल लावला. नर्सिंग शिकायला आल्यापासून इथे तशीच बाळे पाहते आहे, नाना. तो धनुर्वात, नाळेतून शिरतो. आत्या म्हणून शिवलेल्या दोन कुंच्या माझ्या ट्रंकेत पडून आहेत. तिसरी शिवायला हात धजत नाही.

लेकीवर माया आहेच, या खेपेला तिचे ऐकावेही.
आपली पुष्पा

खर्डा, ता. ९

चि. पुष्पावतीस नानांचे अनेक आशीर्वाद.

मी शेतात गेलो तेवढ्यात तुझ्या आईने पुडके सोडले. नाळ कापलेले हत्यार पाचवीला सटवाईपुढे पुजतातच, मग याला आधीच मान का देऊ नये, असा तिचा हिशेब. ब्लेड देव्हाऱ्यात हळदकुंकू लेवून बसले आहे. आक्काबाई सुईण फुगली आहे. पुष्पीची नाळबी याच इळ्यानं कापली, ती तर नर्स झाली की, म्हणते. तुझे पत्र वाचून दाखवले तेव्हा राही ऐकत होती.

जिव्हाळा आटू देऊ नको.
नाना

नगर, ता. १२

तीर्थरूप नानांस सा. न.

हसण्यावारी नेऊ नका. हळदकुंकवासकट वापरले तर विळ्यात आणि त्यात फरक काय राहिला? ब्लेड देव्हाऱ्यातून काढा, धुवा, दोऱ्यासकट अर्धा तास खळखळ उकळा. आईचा राग माझ्या नावावर घाला. परीक्षा आहे, रजा मिळत नाही. मला फार भीती वाटते आहे.

घाईत लिहिले, राग नसावा.
पुष्पा

खर्डा, ता. २३

चि. पुष्पास आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्याच दुपारी राहीला कळा सुरू झाल्या. मी देव्हाऱ्यात हात घातला तर तुझी आई आडवी आली. देवाचं उचलू नका, दोन गेली तेवढी लई झाली, म्हणाली. उभ्या संसारात तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. चहाच्या पातेल्यात सगळे उकळले आणि दाराशी नेऊन दिले. आक्काबाईने नाळ त्यानेच कापली, पण राखेची चिमूट सवयीने घेतलीच. राहीने तिचे मनगट धरले, ते राख खाली पडेपर्यंत सोडले नाही.

मुलगी आहे. पत्र मुद्दाम टाकले नव्हते. काय लिहिणार होतो? परवा आठवा दिवस झाला. तुझी आई सकाळपासून बाळाचे तोंड बघत बसलेली, मी अंगणात. दिवेलागणीला पोर भुकेने एवढी रडली की ते ऐकून तुझ्या आईलाही रडू फुटले. आजही दूध ओढते आहे.

आता लिहायला बसलो तर राही दाराआडून म्हणाली, वन्संना लिवा, त्या दोन कुंच्या ऱ्हाऊ द्या तिथंच. हिला नवी शिवा.

वाट पाहतो. माया आहे तशी घेऊन ये.
नाना