दादाच्या उंचीची सीट

६ एप्रिल, रविवार
सकाळी दूध आणलं. इस्त्रीला कपडे दिले. दहाला वहिनींकडे गेलो आणि दादाची सायकल घेऊन आलो. पाच किलोमीटर. चाकांत हवा कमी होती म्हणून हाताने ढकलत आणली.

दादाला जाऊन तीन महिने होतील. वहिनी सायकल देऊन टाकणार होत्या. आजारपणात घरी यायची त्या नर्सच्या नवऱ्याला. तो कामावर चालत जातो. मी म्हटलं, मी चालवीन. वहिनी म्हणाल्या, "चालवणार असाल तर न्या, भावजी. पण भिंतीला टेकवून ठेवायला नको. मेमधली राईड करा, मग सायकल तुमची. नाही झाली तर त्याला देऊ."

राईड दादाच्या ग्रुपची. धरणापर्यंत आणि परत, शंभर किलोमीटर, ऐन उन्हात. दादाने ती नऊ वर्षं केली. अवघड नसावी. चांगली वस्तू वाया जाऊ नये एवढाच माझा हेतू आहे.

बायको म्हणाली, जिना चढताना मध्ये थांबणाऱ्या माणसाने शंभर किलोमीटर म्हणू नये. मी मध्ये थांबतो ते विचार करायला.

७ एप्रिल, पहाटे ५.४०
सीट उंच आहे. वर बसलं की पाय जमिनीपर्यंत पोचत नाहीत. खाली गेलेलं पेडलही चवड्याला जेमतेम लागतं. बायको म्हणाली, मग खाली घ्या. घेणार नाही. दादाने बसवलेली उंची आहे. अकरा वर्षं सायकल चालवलेला माणूस विचार करूनच बसवणार. शिवाय सवयीने स्नायू ताणले जातात आणि पाय थोडे लांब होतात, असं कुठेतरी वाचलं आहे.

अडचण फक्त चढण्याची आणि उतरण्याची. मधल्या वेळात काही अडचण नाही.

१० एप्रिल
पद्धत सापडली. फूटपाथच्या कडेवर पाय ठेवून चढायचं, कडेपाशीच उतरायचं. ऑफिसात एका जुन्या प्लॅनच्या मागे रस्त्याचा नकाशा काढला आणि थांबता येईल तिथे फुल्या मारल्या. बँकेची पायरी. बंद पडलेल्या थिएटरचा कट्टा. पेट्रोल पंपाचा ओटा. सत्तावीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे. मोजमापात माझी चूक होत नाही.

साहेबांनी विचारलं, फुल्या कसल्या. ड्रेनेज म्हणालो.

१३ एप्रिल, रविवार
सायकल पुसली. सीटची दांडी जिथे आत जाते त्याच्या चार बोटं वर एक जुनी खूण आहे. बांगडीसारखी गोल. गंज असावा. घासलेटने घासली. जात नाही. नाद सोडला.

२० एप्रिल, रविवार
ग्रुपबरोबर तीस किलोमीटर. म्होरके दातांचे डॉक्टर आहेत. एका शाळेच्या हेडबाई सर्वांच्या पुढे असतात. दादाला सगळे थोरले म्हणायचे, म्हणून मी धाकटे. डॉक्टर म्हणाले, थोरले दरवर्षी सांगायचे, यंदा धाकट्याला आणतो. मी हसलो.

चहाला थांबले तिथे फूटपाथ नव्हता. सगळे पीत होते तोवर मी टपरीभोवती फेऱ्या मारल्या. अकरा झाल्या. चहा घेत नाही असं सांगितलं. हेडबाई म्हणाल्या, "धाकटे, आम्ही काय सूर्य आहोत?"

चहा मी दिवसातून चार वेळा घेतो.

२७ एप्रिल, रविवार
गेलो नाही. गुडघा. शरीराला विश्रांती देणं हाही तयारीचाच भाग असतो.

२ मे
आज दादाचा वाढदिवस असतो. ऑफिसात काम होतं.

३ मे
काल लिहायचं राहिलं. दादा दरवर्षी राईडला चल म्हणायचा. एका वर्षी माझी पाठ धरली होती. एका वर्षी घराला रंग चालला होता. एका वर्षी नुसतंच ऊन होतं. गेल्या वर्षी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. तो म्हणाला, "लिहून दे."

नाही दिलं. हसण्यावारी नेलं. इथे फक्त नोंद म्हणून.

११ मे, रविवार
चाळीस ठरवले होते. अठरा झाले. वारा समोरून होता, येतानाही समोरूनच. बायकोने गुडघ्याला मलम लावलं. म्हणाली, "सीट खाली घेतली तर दादा रागावणार आहेत का?" मी म्हटलं, प्रश्न तांत्रिक आहे. तिने दुसऱ्या गुडघ्यालाही मलम लावलं. तो दुखत नव्हता.

१८ मे, रविवार
बावीस. पाण्याचा प्रश्न आहे. चालवताना एक हात सोडून बाटली धरता येत नाही, सायकल डुलते. म्हणजे थांबल्यावरच प्यायचं. थांबायला कड हवी. धरणाच्या रस्त्याला कडा असणारच, मोठा रस्ता आहे.

उद्यापासून रोज पहाटे पाच.

२३ मे
या आठवड्यात एकदाच जमलं. पण मनाची तयारी पूर्ण झाली आहे.

२५ मे, रविवार. संध्याकाळ
राईड झाली. म्हणजे त्यांची झाली.

पहाटे पाचला निघालो. पंचवीस किलोमीटरवर एका गोदामाचा ओटा मिळाला, तिथे पाणी प्यायलो. तिथून पुढे रस्ता रुंद करायचं काम चालू आहे. कडा नाहीत. मैलाच्या दगडावर पाय टेकीन असं मनात होतं, तर दगडही काढून ठेवलेले. नऊपासून ऊन भाजायला लागलं. डांबर मऊ झालं होतं, चाकाला चिकटल्यासारखा आवाज येत होता.

त्रेचाळिसाव्या किलोमीटरला झाडाखाली सगळे थांबले होते. डॉक्टरांनी बाटली उंच करून दाखवली. मीही हात उंचावला असता, पण तो सोडता येत नव्हता. मान हलवली आणि पुढे गेलो. त्यांना वाटलं असेल, धाकट्यात दम आहे.

धरणाची भिंत दिसायला लागली तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. डावीकडे खडीचा ढीग दिसला. पायरीसारखा वाटला. पाय ठेवला आणि खडी सरकली.

लागलं फारसं नाही. उठता येईना एवढंच. हेडबाई मागून आल्या, त्यांनी डोक्यावर पाणी ओतलं, मग बाटली तोंडाला लावली, शाळेतल्या मुलाला लावावी तशी. मागे राहिलेल्यांना गोळा करणारी एक गाडी ग्रुपबरोबर असते, तिला सगळे झाडू म्हणतात. झाडू आली. तिच्यातल्या मेकॅनिकने मला विचारलंही नाही. पाना काढला आणि सीट खाली घेतली. म्हणाला, "काका, सहा बोटं जास्त होती. कुणी बसवली होती?"

भावाने, म्हणालो. होती तिथेच परत करा, असंही म्हणालो. डॉक्टर म्हणाले, आधी तोंड उघडा. जीभ पाहिली. सवयीने दातही पाहिले असावेत.

परत येताना सायकल झाडूच्या टपावर होती. सीट किती उंच होती ते मला आता सांगता येणार नाही. मोजून ठेवलं नव्हतं.

२६ मे
रजा. डोळ्यांतून पाणी येतं आहे. उन्हाचा परिणाम.

२७ मे
अजून येतं आहे.

१ जून, रविवार
सायकल घेऊन वहिनींकडे गेलो. ढकलतच. हवा पुरेशी होती. सांगितलं, जमलं नाही, नर्सच्या नवऱ्याला कळवा. आणि म्हटलं, दादाची सीट बिघडली माझ्याकडून, त्याची उंची होती, ती गेली.

वहिनी कपडे वाळत घालत होत्या. थांबल्या. "यांची कुठली? जावयांनी वर घेतली होती. डिसेंबरात आले होते ना, औषधं आणायला हीच सायकल न्यायचे. सहा फुटी माणूस. मी यांना म्हटलं, सीट वर गेलीये तुमची. तर म्हणाले, राहू दे, बरा झालो की घेईन खाली."

मी म्हटलं, दादा उंचच होता.

"तुमच्याहून दोन इंच, भावजी. फार तर."

खात्री करायला भिंतीवरचा फोटो पाहिला. माझ्या लग्नातला. दादा शेजारी उभा आहे. दोन इंच. फार तर.

वहिनींनी चहा दिला. तिथेच बसून प्यायलो. त्या म्हणाल्या, तो माणूस उद्या सातला येईल सायकल न्यायला. मी म्हटलं, एकदा पुसून देतो. घरी घेऊन आलो.

२ जून, पहाटे ५.४० पासून
सायकल पुसली. सीटचा स्क्रू सैल केला आणि दांडी हळूहळू वर ओढली. दोन बोटं वर आल्यावर ती गोल खूण बाहेर आली. एप्रिलात घासलेटने घासली होती ती. अकरा वर्षं दांडी एकाच जागी आवळलेली होती, त्याची ती खूण. खूण बरोबर तोंडाशी आणली आणि स्क्रू आवळला.

पायरी न घेता बसलो. दोन्ही पायांची बोटं टेकली. टाचा नाही.

वहिनींच्या घरापर्यंत चालवत गेलो. वाटेत सात ठिकाणी थांबलो, कड नव्हती तिथे. एकदा पाणी प्यायलो. सायकल जिन्याखाली लावली, किल्ली वहिनींच्या दारातून आत सरकवली. सीट तशीच ठेवली आहे. त्या माणसाची उंची किती ते मला माहीत नाही. तो त्याच्या मापाने करून घेईल.

परत चालत आलो. येताना दूध घेतलं.