शंभरावर अडकलेला काटा

बाबा,

आज दुपारी मी एक यंत्र बरं केलं. पंप नाही, कॉम्प्युटर. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या नगर परिषदेत अशी एकच पेटी होती, साहेबांच्या खोलीत कापडाखाली झाकून ठेवलेली, आणि तुम्ही चप्पल बाहेर काढून तिला लांबूनच पाहून आला होतात. आता तिची नात माझ्या टेबलावर आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचं टेबल. लोक येतात, मी नाव शोधते, दाखला छापते, शिक्का मारते. सव्वीस वर्षं नोकरी झाली, आणि आज पहिल्यांदा घरी येताना वाटलं की रस्त्यात कोणाला तरी थांबवून सांगावं. पण पंपाची गोष्ट ज्याच्याशी बोलावी असं माणूस एकच, तुम्ही. म्हणून पाठकोरे कागद घेऊन स्वयंपाकघरात बसले आहे. कुकर लावलाय, शिट्ट्या मोजायच्या आहेत, मधेच उठले तर समजून घ्या.

ही नोकरी मुळात तुमची. तुम्ही पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीत असतानाच गेलात, म्हणून अनुकंपा तत्त्वावर मला घेतलं. आदेशात ते एकदाच लिहिलंय, आमच्या मोठ्या बाबूंनी मात्र हजारदा बोलून दाखवलंय. नवे साहेब आले की हे हेडक्लार्क सगळ्यांची ओळख करून देतात. कोणी बी.कॉम., कोणी टायपिंगमध्ये हुशार, आणि माझ्यापाशी आले की, "ह्या बापाच्या जागेवर लागल्या, साहेब." यात खोटं काहीच नाही. पण एकच वाक्य इतकी वर्षं ऐकलं की खुर्चीत बसतानाही माणूस अर्धंच बसतं.

मार्चपासून माझा कॉम्प्युटर बसला. बंद पडला असता तर बरं, निदान सगळ्यांना दिसलं असतं. तो चालू असायचा आणि काम करायचा नाही. एक नाव टाकलं की ती गोल चकती फिरत राहायची, आतला पंखा कण्हायचा, आणि खिडकीबाहेरची रांग माझ्याकडे बघायची. जून म्हणजे शाळाप्रवेशाचे दिवस, सगळ्यांना जन्माचा दाखला हवा. सोनाळ्याच्या एक आजी नातवाच्या पहिलीच्या प्रवेशासाठी तीनदा एसटीने येऊन रिकाम्या हाताने परत गेल्या. नातू इथल्या दवाखान्यात जन्मलेला, म्हणून नोंद आमच्याकडे. शेगावहून मेकॅनिक तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा "मॅडम, मशीन जुनी झाली, नवीन घ्या," म्हणाला, आणि जाताना काहीतरी नवं टाकून गेला. रांगेतल्या लोकांना मशीन दिसत नव्हती, मी दिसत होते. शेवटी सोमवारी साहेबांनी बोलावलं. शुक्रवारपासून हे टेबल कंत्राटी ऑपरेटर बघेल, तुम्ही आवक-जावक सांभाळा. म्हणजे लिफाफ्यांवर नंबर टाकत बसा. ते रागावले असते तर मी भांडले असते, पण ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हालाही आराम होईल." बाबा, त्या मऊ आवाजाने मला फार लागलं.

आज गुरुवार. सकाळी रांगेत तिसऱ्याच नंबरवर त्या सोनाळ्याच्या आजी. "बाई, आज तरी निंगन का वो?" मी नाव टाकलं. चकती फिरायला लागली. आणि मला कोण जाणे कसला राग आला, मी रांगेला म्हटलं, अर्धा तास थांबा, आणि टास्क मॅनेजर उघडला. कॉम्प्युटरमध्ये आत काय काय चालू आहे, कोण किती ओढतंय, ते दाखवणारी ती एक खिडकी असते. मेकॅनिकला ती उघडताना पाहिलं होतं, पण तो बघून लगेच मिटायचा. मी मिटली नाही. वर लिहिलं होतं, प्रोसेसर शंभर टक्के. यंत्र जीव तोडून धावतंय आणि माझा साधा एक दाखला निघत नाही. मी त्या शंभराकडे बघत राहिले. हे मी आधी कुठेतरी पाहिलं होतं.

पंपहाऊस. मी बारा वर्षांची, हातात तुमचा डबा, त्यात भाकर, वांग्याची भाजी आणि तुम्हाला लागतो तसा झणझणीत ठेचा. दारात घागरी घेऊन बायकांचा कालवा चाललाय, कारण चार दिवस नळाला करंगळीएवढी धार. पंप तर पूर्ण जोरात चालू. इंजिनिअर साहेब म्हणतायत, "पंपच गेला, आता नवीन घ्या लागते." आणि तुम्ही ओरडून सांगताय, कारण मोटारींशेजारी बसून बसून तुमचे कान गेले होते आणि तुम्ही घरीही ओरडूनच बोलायचात, शेजाऱ्यांना वाटायचं आपल्याकडे रोज भांडण होतं. "पंपाले काई झालं नाई साहेब! तो तं मरमर मरून राह्यला. पानी कुठं जाऊन राह्यलं ते पाह्यलं का कोनी?" गावात जाणाऱ्या चार लाईनी, प्रत्येकीचा व्हॉल्व्ह बाहेर अंगणात, आणि दाबाचा काटा आत भिंतीवर. तुम्ही एकेक व्हॉल्व्ह बंद करणार. चांगली लाईन बंद केली तर काटा जेमतेम हलेल, फुटलेली बंद केली की झपकन चढेल. पण आतला काटा बाहेरून दिसत नाही आणि सांगितलेलं तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणून मला दारात उभं केलंत. काटा चढला तर हात वर करायचा.

पहिला व्हॉल्व्ह, काही नाही. दुसरा, काही नाही. पण तुम्ही घामाने निथळत होतात, त्या बायका काहीबाही बोलत होत्या, आणि तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी हात वर केला. काटा हलला नव्हता. तुम्हाला बरं वाटावं एवढंच मनात होतं. त्या दुसऱ्या लाईनीवर दोन माणसं भर उन्हात अर्धा तास खणत राहिली आणि कोरडी ठणठणीत माती निघाली. तुम्ही परत आलात, काट्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. सगळ्या बायकांसमोर, इंजिनिअरसमोर, तुमच्या त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणालात, "काटा जे दाखवते तेच सांग. मले बरं वाटाव म्हनून सांगू नको. मले बरं वाटून गावाले पानी भेटत नाई!" मारलं असतंत तर कमी लागलं असतं. मग डोक्यावरून टॉवेल फिरवलात आणि तिसऱ्या व्हॉल्व्हकडे गेलात. मी दारात. तुम्ही चाक फिरवताय. मी हात वर केला. या वेळी खरंच होतं. बाजाराकडची लाईन नाल्याखाली फुटली होती, पंपाचा सगळा जोर नाल्यात चालला होता. संध्याकाळी नळाला अशी धार आली की घागरी घासायला वेळ मिळाला नाही. त्यानंतर तुम्ही नांदुऱ्याच्या बाजारापर्यंत सांगत सुटलात, "माह्या पोरीची नजर लई तेज आहे."

तर मी तेच केलं. कोण किती ओढतंय त्या हिशेबाने यादी लावली आणि एकेक व्हॉल्व्ह बंद करायला घेतला. इंटरनेटच्या उघड्या खिडक्या मिटल्या. काटा शंभरावरून नव्वदवर आला. मोठे बाबू मागे येऊन उभे राहिले होते, ते खूश. "झालं ना बाई, उतरलं! आता काऊन बसल्या?" नव्वदचं परत शंभर झालं. मी म्हटलं, "नाई उतरलं, बाबूजी." प्रिंटरसोबत आलेलं एक उगाचचं सॉफ्टवेअर बंद केलं. पंचाण्णव, परत शंभर. "उतरलं, उतरलं!" "नाई." बिचाऱ्यांना मला बरं वाटावं असंच वाटत होतं, आणि मला आतून हसू येत होतं. मग माझ्या लक्षात आलं की यादीत वरच्या दोन जागा सोडायला दोघंच तयार नाहीत. कधी हा वर, कधी तो वर. एकाला बंद केलं की तो क्षणात परत उगवायचा, पण तो नसतानाच्या त्या क्षणात दुसराही गप्प बसायचा. दोन अँटीव्हायरस, बाबा. व्हायरस शोधायला ठेवलेले दोन राखणदार. एक जुना, एक मेकॅनिकने मार्चच्या सुरुवातीला, मशीन धड चालत असतानाच, टाकलेला नवा. एकाने फाईल उघडून तपासली की दुसऱ्याला संशय, हा काय करतोय, म्हणून तो ती तपासणार. त्याने तपासली की पहिल्याला संशय. मार्चपासून दोघं एकमेकांचे खिसे तपासत होते आणि माझी रांग उन्हात उभी होती.

जुना काढायचा ठरवलं. त्याची मुदतही कधीच संपलेली. तर मोठे बाबू हादरले. "बाई, ते डेडस्टॉकले चढवेल हाये!" खरंच, आधीच्या साहेबांच्या वेळी ते खोक्यातून आलं होतं, म्हणून टेबलं, खुर्च्या, पाण्याचा माठ, यांच्या खाली रजिस्टरात त्याची नोंद होती, आणि नोंदलेली वस्तू मंजुरीशिवाय हलवता येत नाही. म्हणूनच तिन्ही वेळा कोणी त्याला हात लावला नव्हता. मेकॅनिक दर वेळी वरूनच काही नवं टाकून गेला. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "लेखी द्या. काही बिघडलं तर जबाबदारी तुमची." सव्वीस वर्षांत माझ्याकडे कोणी जबाबदारी मागितली नव्हती. उभ्याउभ्याच कागद लिहिला, मी माझ्या जबाबदारीवर काढत आहे, खाली पूर्ण सही केली.

काढलं. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. साहेब दारात, मोठे बाबू खांद्यामागे, खिडकीच्या गजांत सोनाळ्याच्या आजींचं नाक. पडदा उजळला, काटा पुन्हा शंभरावर. थांबले. थोड्या वेळाने मी म्हटलं, "उतरलं." मोठे बाबू चष्मा सावरत वाकले आणि शाळेतल्या पोरासारखे ओरडले, "नऊ! साहेब, नऊ टक्के!"

आजींचं नाव टाकलं, म्हणजे नातवाचं. चकती फिरलीच नाही. दाखला निघून माझ्या हातात गरम कागद. "निंगालं वो माय!" आजींनी तो आधी कपाळाला लावला, मग पिशवीत घातला, मग परत काढून पाहिला. जेवायची सुट्टी झाली तरी मी उठले नाही, दुपारपर्यंत अख्खी रांग संपवली. साहेब शेवटपर्यंत बघत होते. म्हणाले, "तो आवक-जावकचा आदेश रद्द समजा. पण बाई, हे तुम्ही शिकलात कुठे?" मी तोंड उघडायच्या आत मोठे बाबू बोलले. तेच वाक्य येणार म्हणून मी मान खाली घातली. ते म्हणाले, "पंपावाल्याची पोरगी आहे साहेब. तिच्या बापानं नवीन पंप घेऊ देल्ला नव्हता." आणि हे सांगताना छाती त्यांचीच फुगलेली. मी खुर्चीत पूर्ण टेकून बसले, बाबा. तुमच्या नाही, माझ्या.

तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करून आले. हा कागद कुठे पाठवायचा नाही हे मला कळतं. तुमची नोंद माझ्याच कपाटातल्या वहीत आहे, आणि त्यात पुढच्या पत्त्याचा रकाना नाही. उद्या सकाळी त्या वहीत घालून ठेवीन. पण एक सांगायचं राहिलंय, आणि तुम्हीच म्हणालात, जे असेल तेच सांगायचं. त्या दिवशी तुम्ही बोललात त्यानंतर माझे डोळे इतके भरून आले होते की मला भिंतसुद्धा दिसत नव्हती, काटा कुठला दिसतो. तिसऱ्या व्हॉल्व्हला मी हात वर केला तो मोटारीचा आवाज हलका झाला म्हणून. तुम्हाला ते ऐकू येत नव्हतं, मला येत होतं. आजही मी चष्मा काढून पदराने पुसत होते, तेवढ्यात आतला पंखा शांत झाला, आणि मी न पाहताच म्हटलं, उतरलं. तुम्ही जन्मभर माझ्या नजरेचं कौतुक केलंत. माझी नजर तेज नव्हती, बाबा. मी ऐकत होते.