विचारल्याशिवाय पुसायचं नाही

४ मार्च

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

तुझे मेल आता सेक्रेटरी वाचते आणि फोन करावा तर साहेब मीटिंगमध्ये असतात, म्हणून हे कागदावर. सख्ख्या भावाशी बोलायला पाकीट चिकटवावं लागतंय, एवढी कंपनी वाढली. अभिनंदन!

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी महिनाभर रजेवर काय गेले, तू माझा फोन विभागच गुंडाळलास. माझ्या जेवणाच्या टेबलावर कंपनी सुरू केली, तेव्हा नियम एकच होता. लोक क्लाउडवर कॉम्प्युटर भाड्याने घेतात आणि विसरतात; आपलं सॉफ्टवेअर असे रिकामे पडलेले शोधून पुसणार म्हणजे भाडं वाचेल, पण पुसण्याआधी मालकाला फोन करून विचारणार. आता म्हणे मेल जातो, आणि सात दिवसांत उत्तर आलं नाही की सगळं साफ.

त्या रिटायर्ड नर्सबाई आठवतात? आपल्या तिसऱ्या ग्राहक. दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांची यादी ठेवतात. तो कॉम्प्युटर चार-चार महिने नुसता पडून असतो, कारण तसं रक्त रोज लागत नाही! एकोणीस वर्षांची यादी तुम्ही पुसलीत, प्रतही तिथेच होती, तीही गेली. वर बचत झाल्याबद्दल अभिनंदनाचा मेल! माझ्या अंगाचा तिळपापड झालाय. तू स्वतः जाऊन त्यांची माफी माग आणि फोन विभाग पुन्हा सुरू कर.

लोभ आहे, तो वाढवायची विनंती सध्या करू नकोस.

ताई

९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, पाकीटसुद्धा तापलेलं होतं. पण जरा माझंही ऐक. तेव्हा ग्राहक चाळीस होते, आज सहा हजार आहेत. प्रत्येकाला फोन करत बसलो तर कंपनी चालवू कधी? बाईंना तीन मेल गेले होते आणि करारातही तसंच लिहिलंय. वाईट मलाही वाटलं. त्यांना वर्षभर सेवा फुकट देऊ.

पंधरा तारखेला मोठ्या कंपनीशी करार आहे. भागीदार म्हणून तुझी सही लागेल. राग गिळून ये. आईला नमस्कार.

तुझाच (अजून तरी),
बंडू

१३ मार्च

चि. बंडूस आशीर्वाद. आज एकच.

सेवा फुकट! कसली, रिकाम्या यादीची? मी रोज बाईंच्या स्वयंपाकघरात बसून जुन्या डायऱ्यांतून नंबर उतरवतेय. काल एका बाळंतिणीसाठी हॉस्पिटलचा फोन आला. आम्ही अकरा नंबर फिरवले. काही बदललेले, काही बंद. बारावा माणूस धावत गेला आणि ती वाचली. हुश्श करू नकोस. त्यात तुझं काही कर्तृत्व नाही.

सही मिळणार नाही. आधी या आठवड्याची पुसायची यादी घे आणि तू, स्वतः, फोन कर.

ताई

१६ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

करार पुढे ढकलला. तुला खोटं पाडायचं म्हणून रागारागानेच फोन घेऊन बसलो. तीस जणांनी खुशाल पुसा म्हणून सांगितलं. दोघांनी तर एवढ्यासाठी फोन कशाला केलात म्हणून झापलं. मी यादीवर खुणा करत होतो, तुला दाखवायला.

एकतिसाव्या वकीलबाई ओरडल्याच. एका कारखान्यातल्या आजारी कामगारांचे एक्स-रे त्यांच्या कॉम्प्युटरवर आहेत, खटल्याची तारीख अजून दोन वर्षांनंतरची आहे, तोवर हात लावाल तर याद राखा म्हणाल्या. या आठवड्यात तेही पुसले गेले असते.

नंतर, तू घरी गेल्यावर, नर्सबाईंकडे जाऊन माफी मागितली. त्या माझ्यापुढे चहा ठेवून पुन्हा डायरीतले नंबर उतरवत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताई, गेल्या महिन्यात आपण, म्हणजे मी, न विचारता अकराशे पुसलेत. उद्या सकाळपासून त्या अकराशे मालकांना एकेक फोन लावणार आहे. तू ये. सहीसाठी नको. माझ्या शेजारी बस फक्त.

बंडू