दोनाच्या डोक्यावरचा बारीक आकडा

बाबा, दोनाचा शून्यावा घात एक असतो. एवढंच सांगायला बसलेय. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, आणि असतात तरी तुम्हाला वाचता येत नव्हतं. आई बघेल तर म्हणेल, आधी काजं पुरी कर. टेलरचे सहा सदरे तसेच पडलेत.

धाकटा आता सातवीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्याला तुमचं काही आठवत नाही. परवा शाळेतून आला आणि वही कोपऱ्यात फेकली. दोनावर बारीक पाच लिहिलेला, त्याने उत्तर दहा काढलेलं, म्हणून मास्तरांनी बाकावर उभा केलेला. "ताई, मी नाही जाणार उद्यापासून. शहाडला गिरणीत पोरं घेतात." घरात एकच पोर शिकणार म्हणून मी पाचवीत शाळा सोडलेली. आता तोही सोडणार, तर मी सोडली ती कशाला? पण मला मोठ्याने बोलता येत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. मी नुसती वही उचलली. दोन, आणि त्याच्या डोक्यावर उजवीकडे एवढासा पाच. बघत राहिले, आणि मला तुमचे हात दिसले.

कल्याणला त्या मिठाईच्या दुकानामागे, भट्टीजवळ, मी तुमचा डबा घेऊन आलेय. तुम्ही मैद्याचं जाड कडं तूप-पिठी लावून ओढताय. परातीएवढं झालं की पीळ देऊन त्याचा आठाचा आकडा करायचा, एक अर्धं दुसऱ्यावर टाकायचं. परत कडंच, पण दोन पदरी. परत ओढायचं, परत दुमडायचं, फेणीचे धागे सुतासारखे होईपर्यंत. मी विचारते, पाच दुमडी म्हणजे दहा धागे ना? आणि मोजायला बोट घालते. तुम्ही हातावर चापट मारता. "धागे मोजतेस होय? तुटतील! दुमड मोज. धागे आपोआप होतात." दहा दुमडी झाल्या की तुमचे खांदे भरून यायचे, पुढच्या दोन जोडीदार काका द्यायचे. ते म्हणायचे, "पोरीला फेणी शिकवतोस काय रे? मग हिला सासरही भट्टीवालंच बघ!" मी लाजून तुमच्या पाठीमागे.

तो बारीक पाच म्हणजे तुमची दुमडच की, बाबा! मी काजाचा दोरा घेतला, गाठ मारून कडं केलं आणि धाकट्यापुढे धरलं. "एक दुमड. किती पदर?" "दोन." "परत दुमड." "चार." मग आठ, मग सोळा. पाचव्या दुमडीला तो थांबला. "बत्तीस? ताई, बत्तीस!" त्याच्या बीजगणिताच्या पुस्तकातल्या पुढच्या गणितात दोनाचा दहावा घात गुणिले दोनाचा दुसरा घात. त्याने दोनाचा विसावा लिहिलेला. मी म्हटलं, "दहा दुमडी बाबांच्या, वर दोन काकांच्या. झाल्या किती?" "बारा." "मग वीस कुठून आणल्यास, गाढवा?" तो हसला. मग त्याने हळूच विचारलं, "बाबा असं करायचे?" पाटीवर दुप्पट करत करत आम्ही बाराव्या दुमडीपर्यंत गेलो. चार हजार शहाण्णव. एका कड्यात एवढे धागे, रोज, तुमच्या हातात, आणि तुम्ही फक्त बारापर्यंत मोजायचात. पुस्तक लिहिणाऱ्या शिकलेल्या माणसानेही तेच केलेलं. धागे सोडून दुमड मोजलेली.

शेवटी शून्याचं गणित. "शून्य दुमडी म्हणजे काहीच नाही ना?" मलाही आधी तसंच वाटलं. मग हातात बघितलं. "अरे, दुमडलं नाही म्हणून कडं कुठे जातंय? हे काय आहे की. एक." बोलून झालं तेव्हा मला ते कळलं. अंगावर काटा आला, बाबा. एवढी मोठी गोष्ट, आणि ती आपल्या घरात, माझ्या हातात.

आज तो शाळेत गेला. आई म्हणाली, "भावासाठी किती करतेस गं." मी मान खाली घालून काज शिवत राहिले. हा कागद ट्रंकेत जाईल, पाठवायचा तरी कुठे. पण तुमच्याशी खोटं नको. ते बीजगणिताचं पुस्तक वरच्या वर्गातल्या मुलाकडून मागून आणलेलं आहे. धाकट्याने शाळा सोडली असती, तर ते परत द्यावं लागलं असतं. परवा वही उचलली तेव्हा मला आधी त्याची नाही, त्या पुस्तकाची काळजी वाटलेली. माझं अजून अर्धं वाचायचं राहिलंय.