टोपण म्हणजे शस्त्र नव्हे

३ मार्च
आज सकाळी आंघोळ, देवाचे नाव आणि थेट सभागृह. विधेयक मांडले: शस्त्रास्त्रे बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर कोणत्याही लोकप्रतिनिधीने बाळगू नयेत. बाके वाजली. सरकारचे नसलेले, एकट्या सदस्याचे खासगी विधेयक गेल्या कित्येक वर्षांत मंजूर झालेले नाही, त्यामुळे मोकळ्या मनाने बोलता आले.
माझ्याकडे आहेत थोडे. पण ती कंपनी तोफगोळ्यांच्या टोकाची टोपणे बनवते. टोपण म्हणजे शस्त्र नव्हे.

५ मार्च
पेपरात फोटो. समितीत दुरुस्ती सुचवली: बायकोमुलांच्या नावेही नकोत. कौतुक झाले, म्हणून आणखी काही नाती घातली.

९ मार्च
पीए सांगतो, विरोध कोणीच करेना. ज्याला त्याला वाटते, दुसरा करेल. मीच दोघा-तिघांना गाठले. म्हणाले, तुमच्यासारख्या सज्जनाला विरोध करून आमचे तोंड काळे का करू?
शेअर विकणार. उद्याच.

१० मार्च
विकले नाहीत. सीमेवर तणाव, भाव चढतोय. अशा वेळी विकणे म्हणजे सैन्यावर अविश्वास. शांततेसाठी रोज प्रार्थना करतो, मनापासून. आज जरा थोडक्यात उरकली.

१४ मार्च
मेहुण्याच्या नावे करावेत म्हटले. तो हसतच सुटला. "दाजी, स्वतःचा मसुदा तरी वाचा. मेहुणा, साडू, व्याही, कोणाला सोडलंय तुम्ही?"

१७ मार्च
बायको म्हणाली, विकून मोकळे व्हा. टोपणाचा मुद्दा तिला नीट समजावला.
तिने ताट वाढता वाढता विचारले, "अहो, मग टोपणाशिवाय उडतो का तो गोळा?"
जेवण गेले नाही. ॲसिडिटी असावी.

१९ मार्च
उद्या मतदान. देवासमोर बसलो, मार्ग दाखव म्हटले. त्याने एक दाखवला, विकण्याचा. नियमांच्या पुस्तकात दुसरा सापडला: मांडणाऱ्याला विधेयक मागे घेता येते.

२० मार्च
उठलो, घसा खाकरला, विधेयक मागे घेतले. कारण दिले, अधिक सखोल अभ्यास. सभागृहाची परवानगी लागते, एकमताने मिळाली. मांडताना वाजली होती त्याहून बाके जोरात वाजली.
बाहेर विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याने गाठले. हळूच म्हणाला, "भाऊ, वाचवलंत."
मी म्हणालो, देशहित पाहिले. मग हात मिळवायला रांगच लागली. दोन्ही बाजूंचे सदस्य होते. एकूण एक तळहात घामाने ओला. माझाही.