शंभरात एकतीस

मावशी,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय.

आमच्या प्रयोगाला माणसं कमी पडत होती, म्हणून मीच तुला गळ घातली. स्मरणशक्तीच्या चाचणीत तुला शंभरात एकतीस पडले, असं तोंडावर सांगितलंही मीच. आम्ही सगळ्यांना एकतीसच सांगत होतो. खचलेला माणूस पुढचं कोडं कसं सोडवतो, ते बघायचं होतं. शेवटी खरं सांगायचा नियम आहे. पण तू डोळे पुसत तडक निघालीस, आणि 'खरं सांगितलं' या चौकटीत मी तरीही खूण केली.

काल आई म्हणाली, तू औषधाच्या दुकानातली नोकरी सोडलीस. "माझ्या हातून भलतीच गोळी गेली तर?" म्हणालीस म्हणे.

तुला अठ्ठ्याऐंशी होते गं.

ती खोटी खूण उघडी पडली तर माझी नोकरी जाईल, म्हणून मी गप्प आहे. तुझी तर गेलीच.

तुझी लाडकी,
अजून तरी