दुरुस्तीची तारीख

जयपूर,
१२ जानेवारी २०२४

आदरणीय शेषरावभाऊ यांस,
धाकटी बहीण कलावतीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमची दोन पत्रं आली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही, राग मानू नका. फोन करावा तर तुमच्या कानातलं ते मशीन शिट्ट्या मारतं. तुम्ही तिकडून कोण आहे, कोण आहे म्हणत बसता आणि मी इकडून रडत बसते. त्यापेक्षा कागद बरा.

राजूला जाऊन आज चौपन्न दिवस झाले. पुण्यानुमोदनाला तुम्ही आणि वहिनी आलात तेव्हा पोलीस काहीच सांगत नव्हते. आता जेवढं कळलं तेवढं लिहिते. तुमची सगळी नोकरी अकोल्याच्या कोर्टात गेली, त्यातलं तुम्हाला कळेल, मला तर डोक्यावरून जातं.

दर रविवारसारखाच तो पहाटे सायकल घेऊन कानोत्याच्या धरणाकडे निघाला होता. रस्त्याच्या अगदी कडेने चालला होता, असं चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं. मागून राखाडी रंगाची मोठी गाडी आली, त्याला उडवलं आणि थांबलीसुद्धा नाही. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात गाडी दिसते, नंबर दिसत नाही. तिसऱ्या दिवशी पोलिसांना तशीच एक गाडी एका गॅरेजमध्ये सापडली, पण तोवर तिला नवा बंपर बसला होता. मालक बिल्डर आहे, इथल्या सी-स्कीम नावाच्या महागड्या भागात ऑफिस आहे. गाडी त्याचा मुलगा चालवतो. मुलगा म्हणतो नीलगाय आडवी आली, तिला धडकलो. ठाण्यातले साहेब आम्हालाच समजावतात की हो, त्या बाजूला नीलगायी फार. त्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला. आमच्या मुलाची चप्पल अजून दाराशी आहे, मी ती हलवू शकत नाही.

आपले वकील म्हणतात की धरून ठेवण्यासारखी एकच गोष्ट आहे. राजूच्या सायकलला मागच्या चाकाजवळ त्या गाडीचा राखाडी रंग घासला गेलाय, बोटभर रुंद पट्टा. पंचनाम्यात तो लिहिलाय. पण पोलिसांनी तो तपासायला पाठवलाच नाही. उलट मागच्या आठवड्यात ह्यांना बोलावून एका कागदावर सही घेतली आणि सायकल घरी देऊन टाकली.

ती आता व्हरांड्यात आहे. मागचं चाक तळलेल्या पापडासारखं वाकलंय. हे दिवसभर तिच्याजवळ बसून असतात. तुम्हाला माहीत आहे ह्यांचा स्वभाव, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं डबे दुरुस्त केले, रिटायर झाल्यावर सगळ्या गल्लीचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त केले. आता हात मांडीवर ठेवून बसतात. जेवत नाहीत, बोलत नाहीत. उत्कर्षा कॉलेजातून आली की म्हणते, मम्मी, पापा ठीक नाहीयेत, मतलब बिलकुलच ठीक नाहीयेत. भाऊ, मला फार भीती वाटते. एक गेला, आता दुसराही डोळ्यांसमोर जातोय असं वाटतं. काय करू ते सांगा.

वहिनींना जयभीम. तुमची माया आमच्यावर आहेच, ती आता जरा जास्त लागेल.

तुमची
कलावती


अकोला,
१८ जानेवारी २०२४

चि. कलावती हिस,
शेषरावचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोळा तारखेला मिळालं. वाचून तुझी वहिनी स्वयंपाकघरात जाऊन बसली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी दोन दिवस जुनी पुस्तकं काढून वाचली, जुन्या सोबत्यांना विचारलं आणि आज लिहितो आहे. नीट वाच.

ती सायकल आता सायकल राहिलेली नाही, ती साक्षीदार आहे. जनार्दनरावांनी ज्या कागदावर सही केली त्याला सुपूर्दनामा म्हणतात. त्यात लिहिलेलं असणार की ही वस्तू आहे तशी सांभाळीन आणि कोर्ट मागेल तेव्हा तशीच हजर करीन. तेव्हा पत्र मिळताच सायकल जुन्या चादरीत गुंडाळ, दोरीने बांध, खोलीत ठेवून कुलूप लाव. तिला फडकं, पाणी, तेल काही लागू द्यायचं नाही. वकिलांना सांग, त्या रंगाची आणि गाडीच्या रंगाची तपासणी व्हावी म्हणून कोर्टात ताबडतोब अर्ज टाका. अहवाल जुळला तर बिल्डरच्या पोराची नीलगाय कुठल्या कुठे पळून जाईल.

आणि जनार्दनरावांच्या हातांना आवर घाल. आमच्या प्रतिमाच्या लग्नात जेवणाच्या पंगती सोडून हा माणूस नवी सफारी घालून जनरेटरच्या पोटात शिरला होता, हे मी विसरलेलो नाही. आज ते गप्प बसलेत म्हणून तू घाबरतेस, मला ते ज्या दिवशी उठतील त्या दिवसाची भीती वाटते.

फोनवर अर्धंमुर्धं ऐकून चालायचं नाही, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतो. धीर धर. राजरत्न माझाही मुलगा होता, मी शेवटपर्यंत तुझ्या पाठीशी आहे, एवढं गृहीत धरून चाल.

तुझा
शेषराव


जयपूर,
३ फेब्रुवारी २०२४

आदरणीय भाऊ,
सविनय जयभीम.

कसं लिहू कळत नाही. तुमचं पत्र मला उशिरा मिळालं, एकोणतीस तारखेला. तोवर ह्यांनी सायकल दुरुस्त केली होती.

एके दिवशी सकाळी उठले, माळ्यावरची हत्यारांची पेटी काढली आणि कामाला लागले. चाक सरळ करायला दोन दिवस घेतले, एकेक आरी ताणून. मग मागचा भाग घासलेट लावून पुसला, पॉलिश पेपरने घासला आणि काळा रंग दिला, दोन हात. सायकल अशी झाली की राजूने पाहिली असती तर पापांना मिठी मारली असती. इतक्या दिवसांनी ह्यांनी मला हाक मारली, बघ म्हणाले, कुठे मोडली होती सांग पाहू.

मग मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते ऐकून जागच्या जागी बसले. जरा वेळाने उठून घासलेले कागद शोधायला लागले, पण कचऱ्याची गाडी ते केव्हाच घेऊन गेली होती. मग व्हरांड्याच्या मोरीत हात घालून गाळ काढला आणि पिठाच्या चाळणीने चाळला. त्यातून राखाडी कण निवडायला बसले. मी आणि उत्कर्षाने धरून उठवलं तेव्हा नखांतून रक्त येत होतं.

वकिलांनी डोक्याला हात लावला. पोलिसांकडे एक फोटो आहे, मोबाइलवर काढलेला, हललेला, त्यात पट्टा आहे की सावली हे सांगता येत नाही म्हणे. तपासणीचा अर्ज आता टाकला आहे, पण तपासणार काय.

तुम्ही वेळेवर कळवलं होतं, तुमचा काही दोष नाही. आम्हाला अंतर देऊ नका.

कलावती


अकोला,
१४ फेब्रुवारी २०२४

चि. कलावती हिस,
सप्रेम जयभीम.

दोष माझाच आहे. तुझं पत्र सोळाला हातात पडलं आणि मी विद्वानासारखा दोन दिवस पुस्तकं चाळत बसलो. त्याच दिवशी दोन ओळी लिहून टाकल्या असत्या, सायकलला हात लावू नका, तर राजरत्नचा पुरावा वाचला असता. हे दोन दिवस मला आयुष्यभर पुरतील.

पोस्टात जाऊन भांडलो. लेखी तक्रार दिली. तर ते लेकाचे उत्तर देतात की पत्र तेवीस तारखेलाच पोचवलं, सही घेतलेली आहे. तोंडावर खोटारडे म्हणालो त्यांना. माझी बहीण खोटं सांगेल काय?

आता एकच सांगतो. जनार्दनरावांची साक्ष होईल तेव्हा त्यांना सायकलबद्दल विचारतील. त्यांनी खरं ते सांगावं. कोर्टात मी खोटं बोलून बुडालेले पुष्कळ पाहिले, आपलं तसं व्हायला नको.

तुम्हा सगळ्यांना सांभाळ. माझ्यावरची माया आटली असेल तर तसं कळव, मी समजून घेईन.

शेषराव

कलावतीताई, तुमची वहिनी प्रभावती दोन ओळी लिहिते. तुमच्या भावाने जेवण टाकलंय. रोज पोस्टात जातात, तिथली माणसं ह्यांना पाहून मागच्या खोलीत निघून जातात. तुम्ही काही समजावलंत तर ऐकतील.


जयपूर,
२१ सप्टेंबर २०२५

आदरणीय शेषरावभाऊ यांस,
कलावतीचा जयभीम.

गुरुवारी निकाल लागला. तो सुटला.

ह्यांची साक्ष जुलैत झाली, तेव्हा मी तुम्हाला फक्त झाली एवढंच कळवलं होतं. आज सगळं लिहिते. सायकल कोर्टात आणून उभी केली होती, नवीकोरी, तिथली माणसं वळून वळून बघत होती. पलीकडच्या वकिलाने दांडीवर बोट ठेवून ह्यांना विचारलं की इथे पांढऱ्या रंगात हे काय लिहिलंय. वर्कशॉपमध्ये दुरुस्त झालेल्या डब्यावर दुरुस्तीची तारीख रंगवतात, त्याशिवाय डबा गेटबाहेर जात नाही. ह्यांनी तशीच सायकलवर रंगवली होती, २६-१-२४, खाली स्वतःची आद्याक्षरं. वकिलाने तारीख मोठ्याने वाचली आणि विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून दुरुस्त केली. हे म्हणाले, “कोणाच्या नाही साहेब. मुलाची होती, मोडलेली बघवत नव्हती.” जजसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांना कळलं.

निकालात लिहिलंय की खुणेचा पुरावा मुलाच्या वडिलांनी स्वतःच नाहीसा केला, म्हणून संशयाचा फायदा आरोपीला. त्यांनी बंपर बदलला त्याबद्दल एक ओळ नाही. तो मुलगा बाहेर आला तेव्हा त्याच्या आईने त्याच्या तोंडात पेढा घातला. मी तिथेच उभी होते. गाडी तीच होती भाऊ, राखाडी. तीच घेऊन आले होते.

आता जे लिहायचं आहे ते. वहिनींनी कळवलं की तुम्ही अजून त्या दोन दिवसांचं बोलता आणि ताटावरून उठून जाता. भाऊ, पोस्टातले लोक खोटं बोलले नव्हते. तुमचं पत्र मला तेवीस जानेवारीला मिळालं. सही माझीच आहे. फाटकाशी उभी राहूनच मी ते वाचलं.

हे व्हरांड्यात चाकाच्या आऱ्या ताणत होते. मागच्या भागाला अजून हात लागला नव्हता, राखाडी पट्टा मला फाटकातून दिसत होता. त्या सकाळी ह्यांनी आपणहून चहा मागितला होता. पोहे मागितले होते, आणि दोनदा घेतले. मला विचारलं, कोणाचं पत्र. मी म्हणाले वहिनींचं, आणि ते गव्हाच्या डब्यात ठेवून दिलं. आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते शीळ घालत होते, तेव्हाही नाही सांगितलं. सव्वीसला मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेरून पॉलिश पेपरचा आवाज येत होता. तासभर येत होता. काय पुसलं जातंय ते मला ठाऊक होतं. बाहेर जाऊन एक शब्द बोलायचा होता, तेवढंच. मी कणीक मळत राहिले. राजू काही परत येणार नव्हता, हे येत होते. एवढाच विचार केला मी, आई असून.

आणि तेही हातात राहिलं नाही. हे आता पुन्हा मांडीवर हात ठेवून बसतात आणि म्हणतात, मी माझ्या मुलाला दुसऱ्यांदा मारलं. वीस महिने मी हे रोज ऐकते आहे. भीतीने तोंड उघडलं नाही.

हे पत्र पोस्टात टाकून घरी जाईन आणि त्यांना सांगेन. त्यानंतर ते माझ्याशी बोलतील की नाही, मला माहीत नाही. तुम्ही मात्र आज पोटभर जेवा. तुमचे ते दोन दिवस कशालाच कारण झाले नाहीत.

लोभ ठेवा असं लिहायला हात धजत नाही. तुम्हाला ठेवता आला तर ठेवा.

कलावती